सादळू नये म्हणून

नागपूर सोडून सिंगापूरला बिऱ्हाड हलवणाऱ्या माणसाच्या यादीत कूलर असणार, हे मला वाचायच्या आधीच माहीत होतं. त्यावर काट मार. तिथे कूलर चालतो तो हवा कोरडीठाक असते म्हणून. ताट्यांवरचं पाणी चटकन उडतं आणि उडताना हवेतली उष्णता घेऊन जातं. इथे पहाटे आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर असते, भर दुपारीसुद्धा साठाच्या आसपास. पाणी उडणार कुठे? खोली गार व्हायची नाही, नुसती ओली होईल. इन्व्हर्टरही खोड, वीज जात नाही. आरओ खोड, नळाचं पाणी लोक सरळ पितात.

पारा ३२-३३ वर थांबतो हे ऐकून तुझ्या सासूबाई म्हणाल्या असतील, मग काय, हिल स्टेशनच! म्हणू देत. उन्हाचा बंदोबस्त सोपा असतो. घर लावताना विचार करायचा तो ओलीचा: कोणती वस्तू ओल पिते, प्यायली तर पुन्हा सुकते का, आणि तिच्या मागून वारा खेळतो की नाही. बारा महिने हेच. पावसाळा संपला की सगळं उन्हात घालू, ही सोय इथे नाही, कारण पावसाळा संपतच नाही.

भाड्याच्या घरात फ्रीज, वॉशिंग मशीन, एसी आणि भिंतीतली कपाटं बहुधा मिळतात. तेव्हा पहिले दोन-तीन महिने गाद्या, एक उभा पंखा आणि जेवायला टेबल एवढ्यावर काढा. तोवर घर कळतं. आपले दिशांचे हिशेब इथे लागू पडत नाहीत. विषुववृत्त जेमतेम १४० किलोमीटरवर. डिसेंबरात सूर्य दक्षिणेला कलतो तसा जूनमध्ये उत्तरेला. म्हणजे उत्तरेची खोली कायम गार, हे विसर. पश्चिमेची भिंत मात्र वर्षभर तापते आणि रात्री उशिरापर्यंत ऊब सोडत बसते. पलंगाची डोक्याची बाजू तिला लावू नकोस, आणि जाड पडद्यांचे पैसे तिच्याच खिडकीवर घाल. वारा साधारण डिसेंबर ते मार्च ईशान्येकडून, जून ते सप्टेंबर दक्षिणेकडून-नैर्ऋत्येकडून. म्हणून घर बघताना दोन्ही टोकांच्या खिडक्या उघडायला लाव आणि मध्ये उभी राहून बघ. दलाल घाई करेल. करू दे. आणखी एक, एप्रिल ते नोव्हेंबरच्या काळात कधीकधी पहाटे सुमात्राच्या बाजूनं वादळी पाऊस येतो, आडवा झोडपून जातो. पश्चिमेच्या उघड्या खिडकीखाली गादी असली तर ती भिजलीच समज, आणि इथे भिजलेली गादी वाळवणं हे एक मोठं काम आहे.

आता फर्निचर. दुकानात चकचकीत, स्वस्त दिसतं ते बहुतेक भुसा दाबून केलेल्या बोर्डाचं असतं, वरून कागदाचा नाही तर प्लॅस्टिकचा थर. थराला काही होत नाही, कडेला होतं. फरशी पुसताना पाणी कडेतून आत शिरलं की तो बोर्ड चहात बुडवलेल्या पावासारखा फुगतो आणि पुन्हा कधी खाली बसत नाही. म्हणून कपाट पसंत करताना आरशात बघत बसू नकोस. खाली वाक, सगळ्यात खालच्या फळीची मागची कड बोटानं चाचप. पट्टी चारी बाजूंनी चिकटवलेली आहे का, की मागे भुसा खरखरीत लागतो? खरखरीत लागला तर पुढचं दुकान. आणि पाय हवेतच, ओलं फडकं खालून सहज फिरेल एवढे उंच. भिंतीला टेकवून काहीही ठेवू नका, मूठभर अंतर सोडा. सागवानी जुनं सामान मिळालं तर डोळे मिटून घे. मे-जूनमध्ये शाळेचं वर्ष संपलं की कितीतरी घरं परत जायला निघतात, इथल्या मराठी मंडळातल्या ओळखीतून टेबलं, पंखे, कपाटं निम्म्याहून कमी पैशांत मिळतात.

जावईबापूंना लेदरचा सोफा हवा असेल तर खऱ्या कातड्याचा घ्या, रोज वापरा आणि वरचेवर कोरड्या कापडानं पुसा. नाही तर सरळ कापडी, खोळी काढून धुता येतील असा. ते मधलं नकली लेदर अजिबात नको. त्याच्यावरचा पॉलियुरेथेनचा थर हवेतल्या ओलीनंच तुटत जातो आणि काही वर्षांत त्याची टरफलं पाठीला चिकटायला लागतात. बुटांचंही तेच. लग्नातले ठेवणीतले बूट खोक्यात घालून वर्षभर विसरलात, तर एखाद्या समारंभाच्या दिवशी पायऱ्या उतरताना तळवा तुकड्यातुकड्यानं मागे पडत जाईल. पायात असलेले बूट जास्त टिकतात, म्हणून कमी आणा.

कापसाची गादी आणू नकोस. ती दर आठवड्याला गच्चीवर टाकायची वस्तू आहे आणि इथे तुला गच्ची नाही. गादी लॅटेक्सची घे, खाली पट्ट्यापट्ट्यांचा पलंग, बंद पेटीचा नको. गोधडी मात्र आण, एसीत लागते.

एसी २५-२६ वर ठेवायचा आणि जोडीला पंखा. काही घरांत बर्फाचा कारखाना करतात. मग एसी बंद करून खिडकी उघडली की बाहेरची दमट हवा त्या गार आरशावर, गार कपाटावर पाणी होऊन बसते आणि आठवड्याभरात कपाटाच्या मागे हिरवट-पांढरी बुरशी. दर तीन महिन्यांनी एसी साफ करून घ्यायचं कलम भाडेकराराच्या कागदात बहुतेक असतंच, आणि ते तुमच्यावर असतं. बुरशी दिसली तर व्हिनेगरनं पूस, नाही तर ब्लीचनं. दोन्ही एकत्र कधीच नाही, विषारी वायू होतो.

मोठी खरेदी एकच सांगेन: हवेतली ओल ओढून घेणारं यंत्र, डीह्युमिडिफायर. ज्या खोलीत कपडे आणि पुस्तकं आहेत तिथे दार लावून चालवायचं. संध्याकाळी त्याची टाकी ओतताना नुसत्या हवेतून एवढं पाणी निघालं यावर विश्वास बसत नाही. कपाटात ठेवायचे पाणी धरणारे छोटे डबेही मिळतात. ते चालतात, पण त्यात साचतं ते साधं पाणी नसतं, क्षाराचं असतं. ते सांडलं तर जर आणि चामडं दोन्ही गेलं. म्हणून डबा खालच्या कप्प्यात, पैठण्या वर, सुती कापडात गुंडाळून, आणि दोन-तीन महिन्यांनी घडी मोडून. डांबराची गोळी जरीला टेकू देऊ नकोस. जावईबापूंचा कॅमेरा इथे आल्या आल्या कोरड्या हवेच्या पेटीत गेला पाहिजे, भिंगाच्या आत बुरशी धरली की पुसता येत नाही.

१९९८ नंतरच्या सरकारी इमारतींत घरातच एक लोखंडी दाराची खोली असते, युद्धासाठी बांधलेली. त्या दाराला हात लावायची, भिंत फोडायची परवानगी नसते. सगळे तिची अडगळीची खोली करतात. सुटकेस, स्टूल, सणाचं सामान ठेव. दिवाळी अंक ठेवू नकोस. तिच्यात हवा खेळत नाही. दिवाळी अंक उघड्या फडताळावर, पंख्याचा वारा पोचेल अशा आतल्या भिंतीला. धूळ बसेल, बसू दे.

स्वयंपाकघराचं फार आणू नकोस, लिटल इंडियात सेरांगून रस्त्यावर आणि मुस्तफाच्या दुकानात कुकरपासून पोळपाटापर्यंत सगळं आहे. व्होल्टेज आपल्यासारखंच २३०, त्यामुळे मिक्सर चालतो; फक्त इथली भोकं चौकोनी, तेव्हा प्लग बदलून घे. जोडाला दुसरा जोड लावून इस्त्री चालवू नकोस. गॅसची शेगडी तर आणायचीच नाही, पाइपातून येतो तो गॅस आपल्या सिलेंडरमधला नाही, बर्नर वेगळा लागतो. फ्रीज मिळेल तेवढा मोठा बघ, कारण इथे रवा, बेसन, पोहे फ्रीजमध्ये राहतात. ज्वारीचं पीठ किलोभरच आण. बाहेर राहिलं की विरी जाते आणि भाकरी थापताना कडा फाटतात. इडलीचं पीठ रात्रभर ओट्यावर ठेवायचं नाही, सकाळपर्यंत आंबट ढाण होतं.

खसखस अजिबात आणू नकोस, इथे ती अमली पदार्थांच्या कायद्यात येते. अनारसे तिच्याशिवाय करायचे. सावजी मसाला घरून बांधणार असशील तर आधी आईला विचार त्यात खसखस आहे का; असणारच.

तुळस लाव, पण कुंडीखाली ताटली नको. मनीप्लांटच्या बाटलीतलं पाणी एक दिवसाआड बदल. डेंग्यूचे डास तेवढ्याशा पाण्यात वाढतात. सरकारी माणसं घरोघरी येऊन, टॉर्च मारून बघतात आणि अळ्या सापडल्या तर दंड करतात. धुणं वाळत घालायच्या बांबूंच्या नळकांड्यांतही पाणी साचतं, तिथे कुणाचं लक्ष जात नाही. कचरा रोज रात्री पिशवीची गाठ मारून खाली, नाही तर झुरळं.

हवा शुद्ध करणारं यंत्र लगेच नको. सुमात्रातल्या आगींचा धूर एखाद्या वर्षी येतो, सहसा सप्टेंबर-ऑक्टोबरात. २०१३ च्या जूनमध्ये इथला प्रदूषणाचा आकडा ४०१ पर्यंत गेला होता. पण धूर आल्यावर घ्यायला गेलीस तर दुकानं रिकामी असतील, म्हणून पहिल्या ऑगस्टपर्यंत एक घेऊन ठेव, झोपायच्या खोलीपुरतं.

कुरडया, सांडगे, मूगवड्या तिकडून कडकडीत वाळवून आण. इथे सलग तीन दिवस ऊन मिळेल याचा भरवसा नाही आणि दुसऱ्या दिवशीच कुरडई वातड होते. स्टीलच्या डब्यात, झाकणाला चिकटपट्टी लावून. दोन डबे माझ्या नावाचे भर.