जुना गायक, जुना संच : पुनर्मीलनाच्या आशेचा विचार

'बँड' म्हटले की हिंगणीसारख्या गावात वरातीपुढचा बँड डोळ्यांसमोर येतो. प्रस्तुत लेखातील बँड त्याहून निराळा आहे. विजेवर चालणाऱ्या गिटारींचा घोगरा, भरगच्च नाद, ड्रम्सचा ठोका आणि या सर्वांवर चढणारा एक आवाज, असे 'हेवी मेटल' संगीताचे ढोबळ वर्णन करता येईल. या संगीताचे रसिक एक आशा वर्षानुवर्षे उराशी बाळगतात : सोडून गेलेला गायक जुन्या सोबत्यांत परत यावा. ही आशा कशी निर्माण होते आणि ती केव्हा सफळ होते, हे येथे पाहावयाचे आहे.

प्रथम कारण पाहू. वादक बदलला तर नवा वादक तीच सुरावट वाजवू शकतो. गळा मात्र उसना आणता येत नाही. आपल्याकडील भजनी मंडळांचा अनुभव हाच आहे. खंजिरी दुसऱ्याच्या हाती गेली तरी भजन चालते. मुख्य गायक रुसून दुसऱ्या मंडळात बसला की 'आता रंग नाही' असे लोक म्हणतात.

'ब्लॅक सॅबथ' या बर्मिंगहॅमच्या संचाने १९७९ मध्ये ऑझी ऑस्बर्न यास काढून टाकले. 'आयर्न मेडन'चा ब्रूस डिकिन्सन १९९३ मध्ये बाहेर पडला व १९९९ मध्ये परतला. त्याच्याबरोबर एड्रियन स्मिथ हा जुना गिटारवादकही आला. पण मधल्या काळातील जॅनिक गर्स यास काढले गेले नाही. दोन गिटारींच्या तीन झाल्या. पुढच्याच वर्षी त्यांनी नव्या गीतांचा संग्रह काढला. याच संचाने २००८ च्या फेब्रुवारीत आपल्या जागतिक दौऱ्याचा आरंभ मुंबईत केला.

मुंबईचेही एक उदाहरण आहे. १९८४ मध्ये स्थापन झालेला 'रॉक मशीन' हा संच नेमका मेटल नव्हे, पण त्याचा जवळचा नातलग म्हणता येईल. पुढे त्याचे नाव 'इंडस क्रीड' झाले. १९९७ मध्ये संच विखुरला व गायक उदय बेनेगल न्यूयॉर्कला गेले. २०१० मध्ये ते, गिटारवादक महेश तिनईकर व झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. बास व ड्रम्सवर नवे तरुण घेतले आणि २०१२ मध्ये 'इव्हॉल्व्ह' हा नवा संग्रह दिला. जुन्या टाळ्यांवरच ते थांबले नाहीत, हे विशेष होय.

येथे एक अडचण ध्यानात घेतली पाहिजे. वय वाढते तसा गळाही बदलतो. काळी पाचमध्ये गाणारा गवई उतारवयात खालच्या पट्टीत गातो, त्याचप्रमाणे अनेक संच गिटारी अर्धा स्वर उतरवून लावतात. रसिकाला हवा असतो तो वीस वर्षांपूर्वीचा आवाज. परत येतो तो आजचा माणूस. हे ज्याला मान्य नाही, त्याला गायक नको, स्वतःचे तारुण्य परत हवे आहे, असेच म्हणावे लागेल.

तथापि विलंबही परवडत नाही. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी 'संयुक्त मानापमान'मध्ये एकत्र आले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात केशवराव निवर्तले. ऑस्बर्न १९९७ मध्ये जुन्या सोबत्यांत परतला होता. मूळचे चौघे मात्र ५ जुलै २०२५ रोजी अखेरचे एकत्र वाजले आणि २२ जुलैला तो गेला. दोन्ही प्रसंगी योग जुळला तो वेळेवर, इतकेच.

सारांश, पुनर्मीलन म्हणजे मागे जाणे नव्हे. परतलेल्याला आजच्या आवाजात गाऊ द्यावे, मधल्या काळात ज्याने संच सांभाळला त्याची जागा हिरावू नये, आणि एकत्र बसून काही नवे रचावे. या तीन गोष्टी असतील तर रसिकांची आशा रास्त आहे. मग तो संच बर्मिंगहॅमचा असो, मुंबईचा असो, की आपल्या पारावरचे भजनी मंडळ असो.