चरित्रपाठाचे अध्यापन : काशीबाई कानिटकर यांचा आदर्श

थोर व्यक्तीचे चरित्र शिकविताना जन्म, कार्य व मृत्यू या क्रमाने माहिती सांगून पाठ संपविण्याची रीत शाळांतून रूढ आहे. या रीतीने सनावळी पाठ होते. परंतु माणूस विद्यार्थ्यांच्या मनात उभा राहत नाही. चरित्र कसे सांगावे, हे समजून घेण्यासाठी काशीबाई कानिटकर यांच्या लेखनाचा परिचय शिक्षकांस उपयुक्त ठरेल.

काशीबाईंचा जन्म १८६१ साली सांगली जिल्ह्यातील आष्टे येथे बापट घराण्यात झाला. नवव्या वर्षी त्यांचा विवाह गोविंद वासुदेव कानिटकर यांच्याशी झाला. शाळेचा उंबरठा त्यांनी कधी ओलांडला नाही. सुनेने पुस्तक हाती धरणे ज्या काळी घरातील वडीलधाऱ्यांस रुचत नसे, त्या काळी सासरी राहून त्या लिहावाचावयास शिकल्या. गोविंदराव स्वतः कवी व अनुवादक होते. पत्नीने शिकावे, अशी त्यांची इच्छा होती. त्या इच्छेस काशीबाईंच्या चिकाटीची जोड मिळाली.

त्यांच्या लेखनाचा आरंभ नियतकालिकांतून झाला. मुंबईत १८६७ साली स्थापन झालेल्या प्रार्थना समाजाचे 'सुबोधपत्रिका' हे मुखपत्र होते. गिरगावात समाजाचे मंदिर आहे, आणि त्यावरून तो परिसर आजही 'प्रार्थना समाज' या नावाने ओळखला जातो. पूर्वीच्या व त्या काळच्या स्त्रियांची तुलना करणारा काशीबाईंचा निबंध १८८१ च्या सुमारास 'सुबोधपत्रिके'त प्रसिद्ध झाला. पुढे त्यांची 'रंगराव' ही कादंबरी मासिकातून क्रमशः छापली गेली. स्त्रीने स्वतःच्या नावाने वृत्तपत्रात लिहिणे हीच त्या काळी नवलाची गोष्ट होती.

त्यांचे चिरस्थायी कार्य म्हणजे १८८९ साली प्रसिद्ध झालेले डॉ. आनंदीबाई जोशी यांचे चरित्र होय. एका मराठी स्त्रीने दुसऱ्या स्त्रीचे लिहिलेले हे आद्य चरित्र मानले जाते. आनंदीबाई १८६५ साली जन्मल्या. मुंबईत मिशनऱ्यांच्या शाळेत जाताना त्यांना रस्त्यावर लोकांची टवाळी सोसावी लागली. चौदाव्या वर्षी झालेले मूल थोड्याच दिवसांत दगावले. १८८३ साली त्या अमेरिकेस गेल्या व १८८६ साली फिलाडेल्फिया येथे वैद्यकीय पदवीधर झाल्या. स्वदेशी परतल्यावर क्षयाने २६ फेब्रुवारी १८८७ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. तेव्हा त्यांना बावीस वर्षेही पूर्ण झाली नव्हती.

अशा व्यक्तीची केवळ स्तुती करणे सोपे होते. काशीबाईंनी मात्र पत्रव्यवहाराचा आधार घेतला. आनंदीबाईंच्या पत्रांतून त्यांचा निश्चय दिसतो, तसाच परदेशातील एकाकीपणाही दिसतो. पती गोपाळराव यांनी पत्नीच्या शिक्षणाचा ध्यास घेतला, हे काशीबाईंनी सांगितले. त्यांची वागणूक कठोर होती, हेही झाकून ठेवले नाही. ग्रंथ प्रथम प्रसिद्ध झाला तेव्हा गोपाळराव हयात होते, हे ध्यानात घेतले म्हणजे लेखिकेच्या सत्यनिष्ठेचे मोल कळते. १९१२ साली या चरित्राची दुसरी आवृत्ती निघाली.

काशीबाई १९४८ साली निवर्तल्या. दुसरीचे चरित्र लिहिणाऱ्या या लेखिकेचे स्वतःचे आत्मचरित्र अपूर्ण राहिले होते. सुमारे तीन दशकांनी सरोजिनी वैद्य यांनी त्याला चरित्राची जोड देऊन ते ग्रंथरूपाने वाचकांपुढे आणले. कागद जपले गेले म्हणून हे शक्य झाले. कागद न जपल्यामुळे कितीतरी स्त्रियांची आयुष्ये विस्मृतीत गेली असतील.

या विवेचनातून शिक्षकांनी तीन गोष्टी घ्याव्यात. पहिली, चरित्रातील प्रत्येक विधानास आधार असावा. दुसरी, थोर व्यक्तीच्या अडचणी व तिच्या भोवतालच्या माणसांचे दोष वगळू नयेत. अडचण वगळली की थोरवी कशात होती, हेच मुलांना उमगत नाही. तिसरी, दोष सांगताना गुणांचा विसर पडू देऊ नये.

वर्गकार्य म्हणून मुलांना आपल्या आजीची माहिती लिहून आणण्यास सांगावे : तिचे माहेर कोणते, ती किती शिकली, शाळा का सुटली, कोणते काम ती उत्तम जाणते. सांगण्यास ती राजी नसेल ते विचारू नये. वर्गात वाचण्यापूर्वी तिची अनुमती घ्यावी. मग जुने पत्र, छायाचित्र वा सात-बाराचा उतारा यांवरून माहिती पडताळून पाहावी.

शाळेचे जुने जनरल रजिस्टर हेही असेच साधन आहे. त्यात मुलीचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याचे कारण यांची नोंद असते. पुष्कळ मुलींविषयी लेखी उरलेले तेवढेच असते. म्हणून ते रजिस्टर वाळवीपासून व ओलीपासून जपावे, आणि नवी नोंद करताना कारणाच्या रकान्यात खरे कारणच लिहावे. उद्या कोणी तिचे चरित्र लिहावयास घेतले, तर त्याचा पहिला आधार शिक्षकाच्या हातची ती एक ओळ असेल.