त्या ‘हो’बद्दल

चि. निनाद यास,


काल रात्री वहिनीचा फोन आला. तू दोन दिवस धड जेवला नाहीस, दार लावून डेटाबेसच्या शब्दांच्या याद्या पाठ करतोस म्हणे. ते एक वेळ चालेल. पण इंटरव्ह्यूत ‘हॅलोवीन प्रॉब्लेम माहीत आहे का?’ या प्रश्नाला तू ‘हो’ म्हणालास आणि पुढच्याच प्रश्नाला गप्प बसलास, हे ऐकून माझी झोप उडाली. निवड झाली नाही याचं काही नाही रे. ‘हो’ का म्हणालास?

अरे, त्या नावात काहीच नाही. 1970 च्या दशकात आयबीएमच्या लोकांना तो घोळ हॅलोवीनच्या दिवशी सापडला, एवढंच. 25,000 डॉलरच्या आत पगार असणाऱ्यांना 10 टक्के वाढ द्यायची होती. क्वेरी संपली तेव्हा सगळ्यांचे पगार निदान 25,000! ओळी पगाराच्या इंडेक्सवरून शोधल्या जात होत्या, आणि वाढ मिळालेली ओळ त्याच इंडेक्समध्ये पुढे सरकून पुन्हा हाताला लागत होती. पंगतीत जिलबी घेतलेलं पोरगं पुढच्या पाटावर जाऊन बसावं आणि वाढप्याने त्याला पुन्हा वाढावी, तसं. तुला हे चहा संपेपर्यंत कळलं असतं. ‘नाव ऐकलेलं नाही, नेमकं काय होतं ते सांगाल का?’ एवढं विचारायला जीभ का जड झाली?

विचारणाऱ्यांचंही चुकतंच. इंडेक्स कुठे लावशील आणि का, हे सोडून नावं विचारत बसतात. पण ‘हो’ तुझं होतं.

रागावतेय, कारण ते ‘हो’ मीही म्हटलंय. बँकेत नवी असताना साहेबांनी विचारलं, “डर्टी रीड माहीत आहे ना?” मी मान डोलावली. मग महिनाअखेरीचा रिपोर्ट कमिट न झालेल्या नोंदी धरूनच काढला. त्यातली एक मोठी रक्कम नंतर रोलबॅक झाली आणि ताळा जुळेना. बोलणी खाल्ली काउंटरवरच्या पोरीने. दुपारभर ती व्हाउचरं पुन्हा पुन्हा लावत होती, बोटांना शाई लागलेली, आणि मी समोर बसून चहा प्यायले. तिला आजतागायत सांगितलेलं नाही.

लहानपणी तू पाटी माझ्या मांडीवर टाकून ‘आत्या, भागाकार येत नाही’ असं सगळ्या वाड्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने सांगायचास. मला ते फार आवडायचं.

जास्तच बोलले. शनिवारी ये. त्या याद्याही आण, मिळून बघू. तुझा निळा शर्ट इथेच राहिलाय. कॉलर उसवली होती, ती शिवून ठेवलीय.

तुझी,
आत्या