दुःखात श्रद्धा धरून ठेवताना: नागासाकीच्या भाविकांकडून एक धडा



नोव्हेंबर महिना आपण आपल्या मृतांच्या स्मरणार्थ पाळतो. २ तारखेला आपण सर्वजण दफनभूमीत जमलो, कबरींवर फुले ठेवली, मेणबत्त्या लावल्या, प्रार्थना केली. विधी आटोपून लोक घरोघर परतले तरी एक माउली एका कबरीपाशी उभीच होती. दोन वर्षांपूर्वी तिचा तरुण मुलगा अपघातात गेला. तेव्हापासून तिचे रविवारच्या मिस्सेला येणे जवळजवळ थांबले आहे. आम्ही जवळ जाऊन विचारपूस केली, तेव्हा ती म्हणाली, "फादर, त्या दिवशी तुम्ही प्रवचनात म्हणालात, ही देवाची इच्छा. माझ्या पोराला न्यायची ज्याची इच्छा होती, त्याच्याकडे मी आता काय मागू?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. तिच्या परवानगीने, तिचे नाव न घेता, तो प्रश्न आज आपल्यापुढे ठेवत आहोत. कारण आपल्या धर्मग्रामात असा प्रश्न मनात दाबून बसलेली ती एकटीच नाही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकत असताना दुःखाचा प्रश्न आम्ही फळ्यावर तीन ओळींत मांडत असू. देव सर्वसमर्थ आहे. देव पूर्णपणे चांगला आहे. तरीही जगात दुःख आहे. या तीन विधानांचा मेळ कसा घालायचा, यावर आमचे तासन् तास वाद चालत. परीक्षेत त्याला गुणही मिळत. पण ताज्या कबरीसमोर फळ्यावरची ती उत्तरे उपयोगी पडत नाहीत, हे आम्ही सेवाकार्यात आल्यावर शिकलो. म्हणून आज वादविवाद बाजूला ठेवून एका ख्रिस्ती समाजाची हकिकत पाहू. तो समाज दूर जपानमध्ये आहे, पण त्याच्याशी आपल्या वसईचे जुने नाते आहे.

वसईचा सुपुत्र आणि नागासाकी

संत गोन्सालो गार्सिया यांचे नाव वसईत ठाऊक नाही असे मूल नसेल. वसईची माता आणि पोर्तुगीज पिता यांच्या पोटी ते जन्मले. फ्रान्सिस्कन संघात धर्मबंधू म्हणून ते दाखल झाले आणि जपानी भाषा उत्तम येत असल्यामुळे तेथे दुभाषाचे काम करू लागले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकी येथील टेकडीवर २६ जणांना क्रुसावर चढविण्यात आले. गोन्सालो त्यांपैकी एक. त्यापूर्वी ऐन हिवाळ्यात त्यांना शेकडो किलोमीटर चालवत तेथे आणले होते. १८६२ साली पोप नववे पायस यांनी त्या सर्वांना संतपद बहाल केले.

इथवरची कथा आपण सणाच्या दिवशी ऐकतो. परंतु हुतात्मे गेल्यावर मागे राहिलेल्या सामान्य माणसांचे पुढे काय झाले, हे आपण क्वचितच विचारतो.

धर्मगुरूंविना २२० वर्षे

१६१४ साली जपानभर ख्रिस्ती धर्मावर बंदी आली. चर्चेस पाडली गेली. मिशनऱ्यांना हाकलले वा ठार केले गेले. १६४४ साली शेवटचे धर्मगुरू मारले गेले आणि त्यानंतर सुमारे २२० वर्षे त्या भाविकांना ना मिस्सा मिळाली, ना परमप्रसाद, ना पापनिवेदन. ख्रिस्ती लोकांना हुडकून काढण्यासाठी अधिकारी प्रभू येशूची किंवा पवित्र मरियेची प्रतिमा जमिनीवर ठेवत आणि गावकऱ्यांना त्यावर पाय द्यायला लावत. नागासाकी भागात हा प्रकार दरवर्षी होई.

अनेकांनी नकार देऊन प्राण दिले. पण अनेकांनी पाय दिला, हेही आपण प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पाय देऊन ते घरी येत आणि अंतःकरणापासून पश्चात्तापाची प्रार्थना करीत. धर्मगुरू नसतील तेव्हा पूर्ण पश्चात्ताप कसा करावा, हे शिकविणारी एक छोटी पुस्तिका त्यांच्याकडे जुन्या काळापासून चालत आली होती. या दुबळ्या, वारंवार पडणाऱ्या माणसांनीच श्रद्धा पुढच्या पिढीकडे पोहोचविली.

हे त्यांना कसे साधले? नागासाकीजवळच्या उराकामी गावात त्यांनी तीन कामे वाटून घेतली होती. एक प्रमुख दिनदर्शिका सांभाळी, म्हणजे सण केव्हा, उपवास केव्हा याचा हिशेब ठेवी व प्रार्थना शिकवी. दुसरा बालकांना स्नानसंस्कार देई. तिसरा घरोघरी जाऊन निरोप पोहोचवी: अमुक दिवशी उपवास आहे, अमुक दिवशी सण आहे. कोणा एकाला सारे पेलणे शक्य नव्हते, म्हणून प्रत्येकाने थोडे थोडे पेलले.

१७ मार्च १८६५ रोजी नागासाकीच्या ओउरा येथील नव्या चर्चमध्ये उराकामीची काही मंडळी आली. फ्रेंच मिशनरी फादर पतिजाँ तेथे प्रार्थना करीत होते. एक स्त्री हळूच त्यांच्याजवळ येऊन म्हणाली की, आमचे आणि तुमचे मन एकच आहे. मग तिने पवित्र मरियेची मूर्ती कोठे आहे, असे विचारले. पुढे बोलता बोलता ती मंडळी म्हणाली की, आम्ही सध्या दुःखाच्या काळाचा सतरावा दिवस पाळत आहोत. फादर चकित झाले. तो उपवासकाळ होता आणि खरोखरच त्याचा सतरावा दिवस होता! दोनशेहून अधिक वर्षे कोणी धर्मगुरू नसताना त्या शेतकऱ्यांची आणि कोळ्यांची दिनदर्शिका अखिल ख्रिस्तसभेशी जुळलेली होती.

तरीही त्यांचे हाल संपले नाहीत. १८६८ पासून उराकामीच्या तीन हजारांहून अधिक भाविकांना गावातून उचलून देशभर विखुरण्यात आले. सहाशेहून अधिक जण त्या हद्दपारीत मरण पावले. १८७३ साली बंदी उठल्यावर उरलेले परतले. जेथे प्रतिमांवर पाय द्यायला लावत, ती गावप्रमुखाच्या वाड्याची जागाच त्यांनी पुढे विकत घेतली आणि तेथे आपले भव्य चर्च उभारले.

सकाळचे ११ वाजून २ मिनिटे

९ ऑगस्ट १९४५ रोजी सकाळी ११ वाजून २ मिनिटांनी नागासाकीवर अणुबाँब टाकण्यात आला. त्याचा स्फोट त्या चर्चपासून सुमारे अर्ध्या किलोमीटरवर झाला. पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण जवळ आला होता. चर्चमध्ये दोन धर्मगुरू पापनिवेदन ऐकत होते आणि भाविक रांगेत होते. त्यांपैकी कोणी वाचले नाही. उराकामीच्या सुमारे १२,००० कॅथलिकांपैकी सुमारे ८,५०० जण मृत्युमुखी पडले.

डॉक्टर ताकाशी नागाई त्या वेळी तेथील वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात होते. विद्यार्थिदशेत ते नास्तिक होते. उराकामीत ज्या कुटुंबात ते भाड्याने राहत, ते पूर्वी दिनदर्शिका सांभाळणाऱ्या प्रमुखांचे घराणे होते. त्या घरातील माणसांची प्रार्थना पाहून आणि पास्कल या फ्रेंच विचारवंताचे लेखन वाचून त्यांचे मन वळले. १९३४ साली त्यांनी स्नानसंस्कार घेतला आणि त्याच घरातील मिदोरीशी विवाह केला. क्ष-किरणांच्या कामामुळे बाँब पडण्यापूर्वीच त्यांना रक्ताचा कर्करोग झाला होता. स्फोटात ते स्वतः जबर जखमी झाले, तरी जखमींची शुश्रूषा करीत राहिले. घरी पोहोचले तेव्हा घराच्या राखेत त्यांना मिदोरीच्या अस्थी मिळाल्या आणि अस्थींजवळ तिची वितळलेली रोजरी. त्यांची दोन मुले गावाबाहेर आजीकडे होती म्हणून वाचली.

'देवाची इच्छा' हे शब्द

त्याच वर्षी २३ नोव्हेंबर रोजी पडक्या चर्चपाशी मृतांसाठी मिस्सा झाली. भाविकांच्या वतीने नागाई बोलले. आपली माणसे हे देवाला वाहिलेले होमार्पण आहे, अशा अर्थाचे ते भाषण होते. पुष्कळांना त्यातून धीर मिळाला. पण काहींना ते बोचलेही. हे सारे देवाच्या योजनेत होते म्हणायचे, तर बाँब बनविणाऱ्या आणि टाकणाऱ्या माणसांना जाब कोण विचारणार, असे त्यांना वाटले. पुढे २५ फेब्रुवारी १९८१ रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी हिरोशिमा येथे स्पष्टपणे सांगितले की, युद्ध हे माणसाचे कृत्य आहे. त्या शब्दांनी अनेकांच्या मनावरचे ओझे उतरले.

येथे आम्हाला आमची चूक दिसते. नागाई स्वतः राखेत उभे राहून, पत्नीच्या अस्थी हातांनी उचलून, मरण डोळ्यांसमोर असताना बोलत होते. स्वतःच्या दुःखाचा अर्थ लावून ते देवाला अर्पण करण्याचा प्रत्येकाला अधिकार आहे. पण दुसऱ्याच्या मुलाच्या शवपेटीसमोर उभे राहून "ही देवाची इच्छा" असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नव्हता. शिवाय ते ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीलाही धरून नव्हते. देव वाईटाचा कर्ता नाही. तो वाईट घडू देतो आणि त्यातूनही चांगले निर्माण करू शकतो, एवढेच ख्रिस्तसभा म्हणते. मृत्यू देवाने घडविला नाही, असे ज्ञानग्रंथाच्या पहिल्याच अध्यायात सांगितले आहे. लाजरसला आपण उठविणार हे ठाऊक असूनही प्रभू येशू त्याच्या कबरीपाशी रडला.

ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस, सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट्याने बसून राहिले, तोवर ते खरे मित्र होते. स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडले आणि तेथेच त्यांचे चुकले. शेवटी देवाने ठपका ठेवला तो त्या मित्रांवर. तक्रार करणाऱ्या ईयोबालाच देव योग्य बोलला असे म्हणाला. देवाशी भांडणारा माणूस देवाशी बोलत तरी असतो.

तेव्हा, माउली, आमच्या त्या शब्दांबद्दल आम्ही तुमची क्षमा मागतो. तुमचा राग ही अश्रद्धा नाही. तो राग घेऊनच मिस्सेला या. गाणी म्हणवत नसतील तर म्हणू नका. तुमच्या वाटची प्रार्थना आम्ही सारे म्हणू.

आपण काय करावे?

उराकामीच्या लोकांकडे दुःखाचे स्पष्टीकरण नव्हते. त्यांच्याकडे दिनदर्शिका होती, प्रार्थना होती आणि दार ठोठावणारा शेजारी होता. श्रद्धा एकट्याने धरवत नाही तेव्हा ती समूह धरून ठेवतो. त्यांची ती तीन कामे आपणही वाटून घेऊ शकतो.

पहिले, तारखा सांभाळा. आपल्याकडे मृत्यू झाला की सात दिवस घर माणसांनी भरलेले असते. सातव्या दिवसाची मिस्सा होते, महिन्याची होते. मग माणसे पांगतात आणि खरे एकटेपण तेव्हा सुरू होते. गेलेल्याचा वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, पहिला नाताळ या तारखा शेजाऱ्यांनी लिहून ठेवाव्यात व त्या दिवशी त्या घरी जावे.

दुसरे, छोटी प्रार्थना सोडू नका. मोठी प्रार्थना जमत नसेल तर झोपण्यापूर्वी एक 'नमो मरिया' पुरे. तेही जमत नसेल तर हातात माळ नुसती धरून बसा. आणि पाय घसरला, देवाला बोल लावले, वर्षभर चर्चची पायरी चढला नाहीत, तरी परत येण्याचा मार्ग बंद झालेला नाही. त्या मंडळींना पापनिवेदनाची सोय नव्हती, आपल्याला दर शनिवारी आहे.

तिसरे, निरोप्या व्हा. आपल्या वाडीत कोण येईनासे झाले आहे, हे आम्हाला वेदीवरून नेहमी दिसत नाही. तुम्हाला दिसते. अशा घरी जा, उपदेश करू नका, चहा घ्या, गेलेल्या माणसाचे नाव घ्या, त्याच्या आठवणी ऐका. आम्हालाही कळवा.

उराकामीच्या चर्चला दोन मनोरे आणि दोन मोठ्या घंटा होत्या. बाँबमध्ये एक घंटा फुटली. दुसरी भाविकांनी ढिगाऱ्यातून उकरून काढली आणि १९४५ च्या नाताळच्या पूर्वसंध्येला ती पुन्हा वाजविली. दुसरा मनोरा ८० वर्षे मुका राहिला. अमेरिकेतील कॅथलिकांनी वर्गणी जमवून नवी घंटा दिली आणि ९ ऑगस्ट २०२५ रोजी ११ वाजून २ मिनिटांनी दोन्ही घंटा प्रथमच एकत्र वाजल्या. तोवर ८० वर्षे एकाच घंटेने लोकांना प्रार्थनेला बोलावले. आपल्यापैकी ज्यांच्या घरची एक घंटा फुटली आहे, त्यांना आम्ही एवढेच सांगू शकतो: उरलेली वाजू द्या. ओढायला हात कमी पडले तर आम्हाला हाक मारा.

कुटुंबात चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील गेलेल्या माणसाबद्दल आपण मोकळेपणाने बोलतो का? या आठवड्यात जेवताना त्याची एक आठवण सांगा.

२. दुःखात असताना कोणाच्या शब्दांनी धीर मिळाला? कोणाच्या शब्दांनी दुखावले? आपण स्वतः असे कोणाला दुखावले आहे का?

३. आपल्या वाडीतील कोणत्या घरी या नोव्हेंबरात जायचे, हे आजच ठरवा.

संत गोन्सालो गार्सिया, आम्हांसाठी विनंती कर.

प्रभूमध्ये आपले,
प्रमुख धर्मगुरू