माळीणचा पाऊस

आंबेगाव तालुक्यात माळीण गाव आहे. ३० जुलै २०१४ ची सकाळ. आदल्या दिवसापासून पाऊस कोसळत होता. पाणी मुरून डोंगराची माती सैल झाली आणि कडा सुटला. चिखल, दगड, झाडे घरांवर आली. १५१ माणसे दगावली. एस.टी.चा ड्रायव्हर गाडी घेऊन आला, तो पाहतो तर गाव जागेवर नाही! त्याने खबर दिली.

अशा वेळी कोणी म्हणते, "गावाचे पाप भरले." आम्ही ख्रिस्ती माणसे. आम्हाला हे बोलणे पटत नाही. येशूच्या काळी शिलोहाचा बुरूज पडून १८ माणसे मेली. ती इतरांहून जास्त पापी होती का? येशूने साफ सांगितले, नाही. उलट ऐकणाऱ्यांनाच तो म्हणाला, तुम्ही आपले मन पालटा.

पाऊस देवाच्या हाती, असे आम्ही मानतो. तो भल्याच्या शेतात पडतो, तसा बुऱ्याच्याही. जुन्नरच्या मावळात भात पिकतो तो याच पावसावर. पण देवाने माणसाला डोळे दिले आहेत. उताराला भेगा पडल्या, झाडे कलली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, तर प्रार्थना करीत घरात बसू नये. पोरेबाळे, म्हातारी माणसे घेऊन निघावे. प्रार्थना चालता चालता करावी, आणि जाताना शेजाऱ्याचे दार ठोठवावे.