ज्वारीच्या देशातली भूक

ज्वारीची भाकरी आपल्या ताटातली रोजची. पण ज्वारी मूळची कुठली, ठाऊक आहे का? आफ्रिकेत सुदान नावाचा देश आहे. त्याच्या पूर्व भागात सुमारे पाच हजार वर्षांपूर्वीच्या ज्वारीच्या खुणा सापडल्या आहेत. तिथले लोक आजही ज्वारी खातात. पीठ आंबवून तव्यावर पातळ घावनासारखे करतात, त्याला किसरा म्हणतात. आम्ही तर त्यांना आपल्याच पंगतीतले समजतो.

मग अशा देशात माणसे उपाशी का?

दुष्काळ म्हटला की आपण आधी आभाळाकडे पाहतो. इथे मात्र मोठा दोष माणसांचा आहे. 15 एप्रिल 2023 रोजी खार्टूम या राजधानीत देशाचे लष्कर आणि निमलष्करी दल यांच्यात लढाई जुंपली. लष्कराचे प्रमुख बुऱ्हान, दुसऱ्या दलाचे दगालो. 2021 साली दोघांनी मिळूनच सत्ता बळकावली होती. पुढे त्यांचे आपसात फाटले. त्या भांडणात शेतकऱ्याचे काय होते? काहीच नव्हते.

पहिल्याच वर्षी देशातले धान्य जवळजवळ निम्म्यावर आले. डिसेंबर 2023 मध्ये निमलष्करी दल गेझिरात शिरले. निळी नाईल आणि पांढरी नाईल या दोन नद्यांच्या मधला हा मुलूख. 1925 पासून सेन्नार धरणाच्या पाटांवर इथली लाखो एकर जमीन भिजते. तिथे ट्रॅक्टर, बियाणे, साठवलेले धान्य, सगळे लुटले गेले.

आता नीट लक्ष द्या. 2024 च्या शेवटी पीक बरे आले. 41 लाख टनांवरून 67 लाख टनांवर गेले. तरीही त्याच डिसेंबरात दुष्काळाचा मुलूख वाढल्याचे तज्ज्ञांनी सांगितले. असे कसे? अहो, धान्य खळ्यात असून भागत नाही, ते चुलीपर्यंत पोचावे लागते. वाटेत बंदुका, नाक्यानाक्यावर पैशांची मागणी, बाजार ओस. आणि कामधंदा बुडालेल्याच्या खिशात दमडी नाही!

एल फाशेर शहराचे उदाहरण घ्या. मे 2024 पासून निमलष्करी दलाने त्याला वेढा घातला. शेजारच्या झमझम छावणीत ऑगस्ट 2024 मध्ये दुष्काळ जाहीर झाला. शहरात लोक अंबाझ खाऊ लागले. अंबाझ म्हणजे भुईमुगाचे तेल काढल्यावर उरलेली पेंड. आपण ती गुरांना घालतो. मोहल्ल्यातल्या तरुणांनी आणि बायांनी वर्गणी गोळा करून सामुदायिक चुली पेटवल्या होत्या. आम्हाला त्यांचे फार कौतुक वाटते. पण 2025 साली अमेरिकेची मदत थांबली आणि देशभरातल्या शेकडो चुली विझल्या. एल फाशेरात तर चुलीवर चढवायला पेंडच उरली, आणि तीही पुढे महाग झाली.

ऑक्टोबर 2025 मध्ये शहर पडले. जे निसटू शकले, त्यांतले पुष्कळ जण ताविला गावाकडे पायी निघाले. अंतर सुमारे साठ किलोमीटर.