इवलीशी मिनी माँटे कार्लोत कशी जिंकली?

प्रश्न : जुन्या गाड्यांच्या एका प्रदर्शनात लाल रंगाची, पांढऱ्या छताची मिनी कूपर पाहिली. दारावर शर्यतीचा क्रमांक आणि पुढे जादा दिव्यांची रांग. अशा गाडीने माँटे कार्लो रॅली जिंकली होती, असे शेजारच्या फलकावर लिहिले होते. माझ्या छातीइतकीच उंच असलेल्या या गाडीने मोठ्या इंजिनांच्या गाड्यांना कसे हरवले? तिच्यात नेमके काय बदल केले होते? आणि १९६६ मध्ये पहिली येऊनही ती बाद झाली, हे खरे का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : मिनी बाजारात आली २६ ऑगस्ट १९५९ रोजी. १९५६ च्या सुएझ संकटामुळे ब्रिटनमध्ये पेट्रोलचे रेशनिंग झाले आणि कमी पेट्रोलवर चालणाऱ्या छोट्या गाडीची निकड भासू लागली. ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन म्हणजे बीएमसी या कंपनीने ते काम ॲलेक इस्सिगोनिस यांच्यावर सोपवले. सुमारे दहा फूट लांबीत चार माणसे आणि त्यांचे सामान बसवायचे होते. इस्सिगोनिस यांनी इंजिन आडवे बसवले, गिअरबॉक्स त्याच्या पोटाखाली, इंजिनाच्याच तेलात ठेवला आणि ताकद पुढच्या चाकांना दिली. चाके अवघी दहा इंची, तीही पार कोपऱ्यांत. स्प्रिंगांऐवजी अभियंते ॲलेक्स मौल्टन यांनी घडवलेले रबराचे शंकू.

हा सगळा खटाटोप जागा वाचवण्यासाठी होता. पण त्यातूनच शर्यतीला लागणारे गुण आपोआप आले. माँटे कार्लो ही हिवाळ्यात, निरनिराळ्या शहरांतून निघून बर्फाळ घाटांतून माँटे कार्लोला पोहोचणारी रॅली. चाके चार टोकांना असल्यामुळे आणि वजन जमिनीलगत असल्यामुळे गाडी वळणावर झुकत नसे. इंजिन आणि गिअरबॉक्स या दोन्हींचे वजन पुढच्या, म्हणजे गाडी ओढणाऱ्या चाकांवर पडे. त्यामुळे बर्फावर मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्या जिथे जागच्या जागी चाके फिरवत राहत, तिथे मिनी पकड धरून पुढे निघून जाई. कमी होती ती ताकद. पहिल्या मिनीचे इंजिन ८४८ सीसीचे होते आणि ते सुमारे ३४ बीएचपी देई.

ही उणीव जॉन कूपर यांनी भरून काढली. त्यांच्या रेसिंग गाड्यांनी १९५९ आणि १९६० अशी सलग दोन वर्षे फॉर्म्युला वनचे निर्मात्यांचे विजेतेपद मिळवले होते. इस्सिगोनिस यांना आपल्या घरगुती गाडीला शर्यतीत उतरवण्याची हौस नव्हती. कूपर यांनी थेट बीएमसीच्या वरिष्ठांना गाठले. १९६१ मध्ये ९९७ सीसीची मिनी कूपर आली : दोन कार्ब्युरेटर, ५५ बीएचपी आणि पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. १९६३ मध्ये १०७१ सीसीची कूपर एस आली आणि ताकद ७० बीएचपीवर गेली. पुढच्याच वर्षी ९७० आणि १२७५ सीसीच्या एस आल्या. नुसते इंजिन मोठे करून भागणार नव्हते. वाढलेला ताण सोसण्यासाठी क्रँकशाफ्ट अधिक कणखर पोलादाचा केला, डिस्क मोठ्या केल्या आणि ब्रेकला पायाचा जोर वाढवणाऱ्या सर्व्होची जोड दिली. विशेष म्हणजे ही गाडी शोरूममधून कोणालाही विकत घेता येई. कारण रॅलीच्या नियमांनुसार ठरावीक संख्येने बनलेल्या गाड्यांनाच त्या त्या गटात भाग घेता येत असे.

आता तुमचा दुसरा प्रश्न. रॅलीच्या मिनी ॲबिंग्डन इथल्या एमजीच्या कारखान्यात, बीएमसीच्या स्पर्धा विभागात तयार होत. तिथले मेकॅनिक गाडी पूर्ण उलगडून पुन्हा हाताने जुळवत. इंजिनाच्या हेडमधले वायूचे मार्ग घासून गुळगुळीत करत, म्हणजे इंजिनाला मोकळा श्वास घेता येई. वरच्या वेगापेक्षा घाटातली उसळी महत्त्वाची, म्हणून गिअरचे गुणोत्तर बदलत. गिअरबॉक्स इंजिनाच्या तळाशी असल्यामुळे एखादा दगड लागला तरी सगळा खेळ संपे. म्हणून पोटाखाली जाड धातूचे कवच बसे. रात्रीच्या घाटांसाठी पुढे जादा दिवे, समोरच्या काचेवर बर्फ धरू नये म्हणून ती तापवण्याची सोय, सहचालकासाठी अंतर मोजणारे यंत्र आणि बर्फासाठी खिळे मारलेले टायर, अशी ही तयारी असे.

गाडीइतकेच महत्त्व माणसांना होते. स्पर्धा विभागाचे प्रमुख स्टुअर्ट टर्नर बारीकसारीक नियोजनासाठी प्रसिद्ध होते. सहचालक आधीच मार्ग पाहून प्रत्येक वळणाच्या नोंदी करत. शर्यतीच्या आधी काही तास दुसरी जोडी त्याच घाटातून जाई आणि कुठे बर्फ आहे, कुठे रस्ता कोरडा आहे, हे त्या नोंदींत भरून देई. त्यावरून टायर निवडले जात. चालकांमध्ये उत्तर आयर्लंडचे पॅडी हॉपकर्क आणि फिनलंडचे टिमो मॅकिनेन व राउनो आल्टोनेन होते. फिनिश चालक डाव्या पायाने ब्रेक दाबत आणि उजवा पाय एक्सिलरेटरवरून काढत नसत. इंजिन पुढची चाके फिरवत ठेवी, त्यामुळे ब्रेकचा परिणाम मागच्या चाकांवर अधिक होई; गाडीचे शेपूट घसरे आणि नाक वळणाच्या आत येई. पुढच्या चाकांवर चालणारी गाडी वळणावर सरळ बाहेर जाऊ पाहते. त्या खोडीवर हा अचूक उपाय होता.

आता प्रत्यक्ष विजय. १९६२ च्या ट्युलिप रॅलीत चालक पॅट मॉस यांनी मिनी कूपरला पहिले मोठे यश मिळवून दिले. १९६४ च्या माँटे कार्लोत हॉपकर्क आणि त्यांचे सहचालक हेन्री लिडन तेव्हाच्या सोव्हिएत संघातल्या मिन्स्कहून निघाले आणि जिंकले. तुमच्या पहिल्या प्रश्नाच्या उत्तरात एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. त्या वर्षी गुण देताना इंजिनाच्या आकाराचा हिशेब धरला जात होता आणि तो छोट्या गाड्यांना अनुकूल होता. घड्याळावर सर्वात वेगवान ठरली होती ती बो युंगफेल्ट यांची व्ही-८ इंजिनाची फोर्ड फाल्कन. पण तसल्या गाडीच्या मागोमाग छोट्या मिनीने डोंगरातून टिकून राहणे हाच मोठा पराक्रम होता. पुढच्या वर्षी शंकेला जागाच उरली नाही. १९६५ मध्ये प्रचंड हिमवादळात बहुतेक स्पर्धक वाटेतच गारद झाले. मॅकिनेन आणि सहचालक पॉल ईस्टर मात्र उशिराचा एकही दंड न लागता पोहोचले. असे करणारी ती एकमेव जोडी होती.

१९६६ चे म्हणाल, तर ते खरे आहे. मॅकिनेन, आल्टोनेन आणि हॉपकर्क पहिल्या तीन क्रमांकांवर आले. मग दीर्घ तपासणी झाली आणि अखेर बोट ठेवले गेले ते दिव्यांवर. मुख्य दिव्यांत एकाच तारेचे आयोडीन बल्ब होते आणि प्रकाश खाली करण्याची त्यांची व्यवस्था नियमांत बसत नाही, असे आयोजकांनी ठरवले. तिन्ही मिनी बाद झाल्या, चौथ्या क्रमांकाची रॉजर क्लार्क यांची फोर्ड लोटस कोर्टिनाही बाद झाली आणि विजेतेपद पाउली टोइव्होनेन यांच्या सिट्रोएनला मिळाले. नियमाचा अर्थ लावण्याचा अधिकार आयोजकांचा होता, हे मान्य. पण दिव्याच्या बल्बने घाटातला वेग ठरत नाही, आणि त्या रॅलीतल्या सर्वात वेगवान गाड्या मिनीच होत्या, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. १९६७ मध्ये आल्टोनेन आणि लिडन यांनी लान्सियाला अवघ्या काही सेकंदांनी मागे टाकून उत्तर दिले.

थोडक्यात, मिनीला नुसते ताकदवान करून जिंकवलेले नाही. तिच्यात मुळातच असलेले गुण ओळखले, तिचे कच्चे दुवे पक्के केले आणि तिला साजेशा रस्त्यावर, तिचा स्वभाव जाणणाऱ्या हातांत दिली. आडवे इंजिन आणि पुढच्या चाकांना ताकद हीच मांडणी पुढे जगभरच्या छोट्या गाड्यांनी उचलली. आपली मारुती ८०० त्यांपैकीच एक. १९६४, १९६५ आणि १९६७ च्या तिन्ही विजेत्या गाड्या इंग्लंडमध्ये गेडन इथल्या ब्रिटिश मोटर म्युझियमच्या संग्रहात जपलेल्या आहेत. तुमचे कोणी नातेवाईक तिकडे असतील, तर त्यांना आवर्जून पाहायला सांगा.